येतात बरेच, ग्राहक होतात थोडे: वेबसाइट शेवटाकडून दुरुस्त करा

वेबसाइटवर लोक येताहेत, जाहिरातीवर पैसेही जाताहेत, पण फोन काही वाजत नाही. अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतं ते नवं डिझाइन. रंग बदलू, होम पेज नव्याने करू, लोगो जरा मोठा घेऊ. त्यात तीन महिने जातात, नवी साइट झळकते आणि फोन पूर्वीइतकाच गप्प राहतो. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे कोणी बघितलेलंच नसतं.

मी नवी साइट हाती आली की होम पेजकडे फिरकतही नाही. आधी सगळ्यात शेवटची पायरी बघतो, मग तिच्या मागची, मग त्याही मागची. होम पेजची पाळी बरीच उशिरा येते. कारण साधा हिशेब आहे. समजा, महिन्याला १,००० जण साइटवर आले. त्यातल्या ३०० जणांनी तुमच्या सेवेचं पान उघडलं, ४० जणांनी चौकशीचा फॉर्म उघडला आणि १० जणांनी तो भरून पाठवला. म्हणजे फॉर्मपर्यंत आलेल्या दर चारांपैकी तिघे दारातून परत गेले, आणि हे तिघे तुमच्याकडे यायला जवळजवळ तयार होते. त्यांच्यातल्या आणखी दहा जणांनी फॉर्म पाठवला तर चौकश्या दुप्पट. हेच जाहिरातीतून साधायचं तर महिन्याला आणखी १,००० माणसं आणावी लागतील आणि पुढच्या महिन्यात तोच खर्च पुन्हा. फॉर्म एकदाच दुरुस्त करायचा असतो.

पायरी १: मोजमाप, पण थोडंच

तुमच्या साइटपुरता 'ग्राहक' म्हणजे नेमकं कोण, ते एका वाक्यात लिहून काढा. ऑर्डर देणारा? फॉर्म भरणारा? फोन नंबरवर टॅप करणारा? व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला मेसेज टाकणारा? एकच मुख्य कृती निवडा. ती करणाऱ्यांची संख्या भागिले आलेल्यांची संख्या, गुणिले शंभर, हा तुमचा कन्व्हर्जन रेट. वरच्या उदाहरणात तो १ टक्का आहे. तो चांगला की वाईट, हे इतरांच्या आकड्यांवरून ठरवायच्या फंदात पडू नका. कोणाकडे लोक नाव ऐकून थेट येतात, कोणाकडे सहज भटकत येतात; दोघांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. तुलना करायची ती स्वतःच्याच मागच्या महिन्याशी.

मोजायला गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ पुरेसं आहे. त्याची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बंद झाली, त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ बघून शिकायला बसाल तर मेनूच जुळणार नाहीत. फॉर्म पाठवल्यावर 'धन्यवाद' असं वेगळं पान उघडेल अशी सोय करा आणि ते पान उघडणं म्हणजे 'की इव्हेंट', म्हणजे मोजायची मुख्य कृती, अशी खूण सेटिंगमध्ये करून ठेवा. फॉर्म भरल्याची जी आपोआप नोंद होते तिच्यावर मी विसंबत नाही. फोनच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरचे टॅप वेगळे मोजा, आणि तुमच्याच ऑफिसातून होणाऱ्या भेटी वगळा. आणखी एक गोष्ट आजच उरका: सविस्तर डेटा जपून ठेवण्याची मुदत सुरुवातीला २ महिने असते, ती १४ महिने करून घ्या. गेलेला डेटा मागून मिळत नाही.

आकडे बघताना मोबाइल आणि कॉम्प्युटर नेहमी वेगळे बघा. दोघांची सरासरी काढली की मोबाइलवरचं दुखणं त्यात बेमालूम लपतं.

पायरी २: स्वतःच गिऱ्हाईक व्हा

आता साइट फोनवर उघडा. ऑफिसच्या वायफायवर नको, मोबाइल डेटावर. शक्यतो रोजचा महागडा फोनही नको, घरात पडून असलेला जुना घ्या. ब्राउझर इन्कॉग्निटोमध्ये ठेवा, म्हणजे आधी साठवलेलं काही मदतीला येणार नाही. तुमच्या एखाद्या दुसऱ्या ईमेलवरून, खरी गरज असल्यासारखी चौकशी पाठवा. आणि मग वाट बघा. ती पोहोचली का? किती वेळात? कोणी उत्तर दिलं का?

हे बालिश वाटेल. मलाही वाटायचं. एका व्यावसायिकाच्या साइटवर मी पंधरा दिवस मजकूर घासूनपुसून लावत बसलो होतो आणि चौकश्या काही वाढेनात. शेवटी वैतागून फॉर्म स्वतः भरला. 'धन्यवाद, लवकरच संपर्क करू' अशी हिरवी पट्टी आली. मालकाला फोन केला, 'आली का?' नाही आली. स्पॅमचा फोल्डर उघडायला लावला, तर तिथे सहा आठवड्यांच्या चौकश्या रांगेने बसलेल्या. एका माणसाने तीनदा लिहिलं होतं. तिसऱ्यांदा जरा चिडूनच.

झालं होतं असं की, फॉर्म जो मेल धाडायचा त्यात पाठवणाऱ्याच्या जागी फॉर्म भरणाऱ्याचाच ईमेल पत्ता टाकलेला होता. म्हणजे पत्र निघतंय तुमच्या सर्व्हरवरून आणि खाली सही भलत्याचीच. मेल सेवा एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्यांमधून हेच पडताळतात: ज्या डोमेनच्या, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, वतीने पत्र आलंय, त्या डोमेनने या सर्व्हरला तशी परवानगी दिली आहे का? नसेल तर पत्र स्पॅममध्ये जातं, कधी पोहोचतच नाही. उपाय अवघड नाही. पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता ठेवायचा, भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये, म्हणजे उत्तर जिथे जावं त्या जागी टाकायचा, मेल एसएमटीपीमार्फत, म्हणजे खऱ्या मेल खात्यात लॉगिन करून पाठवायचा. शिवाय प्रत्येक चौकशीची एक प्रत साइटच्या डेटाबेसमध्ये किंवा एखाद्या शीटमध्ये उतरवून ठेवायची. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपणच एक चौकशी पाठवून बघायची.

चौकशी पोहोचते, पण उत्तर दुसऱ्या दिवशी जातं? हा दोषही वेबसाइटच्याच खात्यावर मांडा. माणूस तीन-चार साइट उघडून बसलेला असतो. जो आधी बोलतो त्याच्याशी बोलणं सुरू होतं. 'लवकरच' या शब्दाला काही अर्थ नाही. धन्यवादच्या पानावर स्पष्ट लिहा: संध्याकाळी सहाच्या आत विचारलंत तर दोन तासांत फोन करू, आणि फोन अमुक नंबरवरून येईल. हा नंबर देण्याचा फायदा मोठा आहे. एरवी अनोळखी नंबर म्हणून तुमचाच फोन कापला जातो.

पायरी ३: फॉर्म

इथे जरा रेंगाळू, कारण सर्वांत स्वस्त सुधारणा इथेच आहेत.

एक्सपीडिया या प्रवासाचं बुकिंग करून देणाऱ्या साइटचा किस्सा या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. पैसे भरण्याच्या पानावर नावाखाली 'कंपनी' असा एक ऐच्छिक रकाना होता. लोकांना वाटायचं, बँकेचं नाव विचारताहेत. ते तिथे बँकेचं नाव लिहायचे आणि मग त्याच ओघात पत्त्याच्या जागी घराऐवजी बँकेचा पत्ता. तो कार्डावरच्या पत्त्याशी जुळायचा नाही आणि व्यवहार फसायचा. एक रकाना काढून टाकला आणि कंपनीच्या सांगण्यानुसार वर्षाच्या नफ्यात १ कोटी २० लाख डॉलरची भर पडली. ही गोष्ट २०१० च्या सुमाराची. आपले आकडे अर्थात एवढे नसतात, पण लोक फॉर्म कसा चुकीचा वाचतात याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता आपण एक लहानसा धंदा उदाहरणाला घेऊ: घरी येऊन सोफे धुऊन देण्याचा. त्याच्या फॉर्मवर अकरा रकाने आहेत. पहिलं नाव, आडनाव, ईमेल, फोन, पर्यायी फोन, पत्ता, परिसर, शहर, सेवेचा प्रकार, आमच्याबद्दल कुठून कळलं, संदेश. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारा: हे कळलं नाही तर मला पहिला फोन करता येणार नाही का? पर्यायी फोन गेला. पत्ता गेला, तो वेळ ठरल्यावर विचारता येतो. 'कुठून कळलं' हे तुमच्या कुतूहलासाठी आहे, त्याच्या नव्हे, तेही गेलं. नावाचे दोन तुकडे कशाला? शेवटी उरतात नाव, फोन, परिसर. आणि एक नवा रकाना यावा: सोफ्याचा फोटो, हवा असल्यास. 'संदेश' या रिकाम्या चौकोनात काय लिहावं हे कोणाला सुचत नाही, फोटो मात्र चटकन काढता येतो आणि तुम्हालाही कामाचा अंदाज येतो.

रकाने कमी केले की झालं, असंही नाही. भलत्याच चौकश्या येऊन तुमचा दिवस खात असतील तर एखादा चाळणी लावणारा प्रश्न मुद्दाम ठेवावा. रकाना कोणासाठी आहे हे मात्र ठाऊक हवं.

मग बारकावे. रकान्याचं नाव वर लिहा. आत फिक्या अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करायला लागलं की गायब होतं, आणि मध्येच फोन आला तर माणूस परत येऊन विचार करतो, इथे काय लिहायचं होतं? फोनच्या रकान्याला कोडमध्ये 'टेल' (tel) हा प्रकार द्या, म्हणजे थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. नाव, ईमेल, फोन यांना 'ऑटोकम्प्लीट', म्हणजे ब्राउझरने साठवलेली माहिती आपोआप भरण्याची सोय, चालू ठेवा. बटण बोटाने दाबता येईल एवढं हवं: अ‍ॅपलचं मार्गदर्शन किमान ४४ पॉइंटचं आहे, गूगलच्या मटेरियल डिझाइनचं ४८ डीपीचं (दोन्ही पडद्यावरच्या आकाराची मापं). अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार किमान ४.५ ला १ असावा. पांढऱ्यावर फिकट राखाडी डिझायनरला आवडतं, उन्हात उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही. बटणावर 'सबमिट' नको. बटण दाबल्यावर काय होणार ते लिहा: 'दर विचारा', 'वेळ ठरवा'.

चुकांच्या सूचना हा वेगळाच विषय आहे. मराठी साइटवर हमखास सापडणारी एक चूक सांगतो. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असलेला माणूस नंबर देवनागरी आकड्यांत लिहितो. फॉर्मची तपासणी ओळखते फक्त इंग्रजी आकडे. लाल अक्षरं येतात: 'कृपया वैध क्रमांक टाका.' तो नंबर पुन्हा वाचतो, दहाच्या दहा आकडे बरोबर. पुन्हा टाकतो, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा कोण करतं? तुमच्या फॉर्मवर हे आत्ता करून बघा. देवनागरी आकडे, मधली मोकळी जागा, आडवी रेघ, सुरुवातीचं अधिक चिन्ह हे सगळं स्वीकारून मागच्या बाजूला आपणच नीट करून घ्यायचं. संगणकाला ते क्षणाचं काम आहे. आणि काहीही झालं तरी एका चुकीपायी भरलेला सगळा फॉर्म पुसला जाता कामा नये.

ऑनलाइन दुकान असेल तर दोन गोष्टी आणखी. पहिली, खातं उघडायची सक्ती नको. वापरसुलभतेचे अभ्यासक जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकीकत लिहिली होती. तिथे खरेदीच्या वाटेवर 'नोंदणी करा' हे बटण आडवं यायचं. त्याजागी 'पुढे चला' आणि खाली 'खरेदीसाठी खातं लागत नाही' अशी ओळ आली. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. खातं उघडायचंच असेल तर ऑर्डर झाल्यावर विचारा. दुसरी गोष्ट छुप्या खर्चाची. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था वर्षानुवर्षं ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करते. तिने गोळा केलेल्या आकड्यांनुसार भरलेल्या दर दहा कार्टपैकी सुमारे सात अर्ध्यावर सोडल्या जातात. नुसतं बघायला आलेले बाजूला ठेवले तर सर्वाधिक सांगितलं जाणारं कारण म्हणजे शेवटी वाढलेली रक्कम: पाठवणावळ, कर, इतर शुल्क. एकूण आकडा शेवटच्या पानावर कळणार असेल तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं, रक्कम छोटी असली तरी. पाठवणावळ वस्तूच्या पानावरच सांगा.

पायरी ४: सेवेचं किंवा वस्तूचं पान

इथे नवखे लोक मजकूर 'सुचवायला' बसतात. सुचवायचं काही नाही, तो तुमच्याकडे आधीच आहे. मागच्या दोन महिन्यांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ईमेल आणि फोनवरच्या गप्पा आठवा आणि लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा. सोफेवाल्याच्या कागदावर काय येईल? 'वाळायला किती वेळ लागतो?' 'शाईचा डाग जातो का?' 'घरात लहान मूल आहे, औषधाचा वास राहतो का?' 'पाणी गळून फरशी खराब होत नाही ना?' 'तुम्ही असताना मी घरी असायलाच हवं का?' आणि त्याच्या पानावर लिहिलेलं काय आहे? 'आम्ही अत्याधुनिक तंत्रज्ञानाद्वारे दर्जेदार सेवा प्रदान करतो.' या वाक्याने वरच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

जे प्रश्न सर्वाधिक वेळा आले ते पानावर वर घ्या, आणि उत्तरात अडचणही सांगा. 'चहा-कॉफीचे डाग बहुतेक निघतात. जुनी शाई पूर्ण निघेलच असं नाही. आधी कोपऱ्यावर करून दाखवतो, पटलं तर पुढे.' 'पूर्ण निघेलच असं नाही' हे चार शब्द लिहायला मालक बिचकतो. पण ते वाचल्यावर बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो.

दराचं काय? 'फोन करा, सांगतो' याने लोक फोन करतात असा समज आहे. काही करतात. बाकीचे जिथे दर दिसतो तिथे जातात. नेमका आकडा देता येत नसेल तर कितीपासून सुरू होतो आणि कशावर कमी-जास्त होतो एवढं तरी द्या.

अभिप्राय खरे हवेत आणि तपशिलाचे हवेत. 'खूप छान सेवा' याला वजन नाही. 'सकाळी अकराला आले, तीनला गेले, रात्री सोफ्यावर बसलो' याला आहे. तो अभिप्राय त्याच प्रश्नाजवळ ठेवा, वेगळ्या 'अभिप्राय' पानावर कोंडून नको. तिथे फारसं कोणी जात नाही. फोटो स्वतःच्या कामाचे. विकतच्या संग्रहातली हसरी माणसं लोक आता ओळखतात.

आणि हो, साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मधल्या कोणाला माहिती वाचता येणार नाही अशा सुरक्षित जोडणीवर हवी. नसेल तर जुलै २०१८ पासून क्रोम तिच्यापुढे 'नॉट सिक्युअर' अशी पाटी लावतं. ती बघून फोन नंबर कोण देणार?

पायरी ५: पहिला पडदा

आता कुठे होम पेज, किंवा जाहिरातीवरून माणूस ज्या पानावर उतरतो ते पान. फोनवर सरकवण्याआधी जेवढं दिसतं तेवढ्यात तीन गोष्टी कळायला हव्यात: इथे काय मिळतं, ते माझ्यासारख्यासाठी आहे का, आणि पुढे काय दाबायचं.

सोफेवाल्याचं शीर्षक होतं 'स्वच्छतेची परंपरा, विश्वासाचं नातं'. त्याखाली 'आमच्या वेबसाइटवर आपले हार्दिक स्वागत'. नमनालाच घडाभर तेल. हे शीर्षक कपडे धुणाऱ्याला चालेल, टाक्या साफ करणाऱ्याला चालेल, आणि म्हणूनच कोणाच्याच कामाचं नाही. बदलून लिहू: 'घरी येऊन सोफा धुऊन देतो. सकाळी धुतलेला रात्री बसायला तयार.' खाली एक बटण: 'फोटो पाठवा, दर कळवतो'. कविता नाही, पण कामाला येते. परीक्षा एकच: तुमचं शीर्षक प्रतिस्पर्ध्याच्या साइटवर जसंच्या तसं चिकटवता येत असेल तर ते खोडा.

फिरते फोटो, म्हणजे स्लायडर, काढा. नोत्र दाम विद्यापीठाच्या साइटवरच्या स्लायडरचे आकडे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले होते: येणाऱ्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांनी त्यावर क्लिक केलं आणि त्यातले ८४ टक्के क्लिक पहिल्याच चित्रावर. स्लायडर बहुतेक वेळा ऑफिसातल्या चार जणांचं एकमत न झाल्यामुळे बसवलेला असतो.

जाहिरातीत जे शब्द होते तेच उतरण्याच्या पानावर वर दिसू द्या. गादी धुण्याची जाहिरात दाबून आलेल्याला सोफ्याचं पान दिसलं तर तो चुकीच्या दारात आलो असं समजून परत फिरतो.

पायरी ६: वेग

पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या मोफत साधनात पानाचा पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल बघा. तीन आकडे पुरेत. मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत हवा. टॅप केल्यावर प्रतिसाद, म्हणजे आयएनपी, २०० मिलिसेकंदांच्या आत. पान उघडताना मजकुराचं हलणं, म्हणजे सीएलएस, ०.१ पेक्षा जास्त नको. वरच्या बाजूला खऱ्या वापरकर्त्यांचे गेल्या २८ दिवसांचे आकडे असतात. साइट लहान असेल तर ते दिसणारच नाहीत, मग खालच्या चाचणीवर भागवायचं. शंभरपैकी किती गुण पडले याच्या मागे लागू नका.

दहापैकी आठ वेळा गुन्हेगार फोटो असतो. फोनने काढलेला चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला. तो लहान करा, वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फाइल प्रकारांत बदला, रुंदी-उंची कोडमध्ये लिहा म्हणजे पान उडी मारणार नाही. लेझी लोडिंग, म्हणजे माणूस तिथवर सरकला की मगच फोटो उतरवण्याची सोय, खालच्या फोटोंना लावा, पहिल्या पडद्यावरच्या फोटोला नको. त्याखालोखाल चॅटची खिडकी, पॉप-अप आणि कोणीतरी कधीतरी बसवलेली मोजमापाची साधनं. वापरात नसतील ती उपटून टाका. मराठी साइटला एक जादाचा भार असतो: जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइल इंग्रजीपेक्षा बऱ्याच जड असतात. एक फॉन्ट, दोन जाड्या, बस. फॉन्ट येईपर्यंत साधी अक्षरं दिसतील अशी 'फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप' ही सोय करून ठेवा.

पायरी ७: पाच माणसं, एक फोन

आकडे सांगतात लोक कुठे गळतात. का गळतात हे बघितल्याशिवाय कळत नाही. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: पाच जणांना साइट वापरताना बघितलं की वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. तो सरसकट लागू होत नाही, पण शितावरून भाताची परीक्षा होते.

तुमचा धंदा न ओळखणारी माणसं निवडा. काम द्या, सूचना देऊ नका. 'तुमच्या सोफ्यावर डाग पडलाय, या साइटवरून तो काढायची व्यवस्था करा' एवढंच. 'वर उजवीकडे बटण आहे, ते दाबा' असं सांगितलंत तर चाचणी संपली. मोठ्याने बोलत वापरायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. हे भलतं कठीण जातं. माणूस तुमच्या डोळ्यांदेखत बटणावरून तीनदा अंगठा फिरवून पुढे जातो आणि म्हणतो, 'फोन नंबर कुठे दिलेला दिसत नाही.' तोंडावर आलेलं 'अहो, ते काय!' गिळा आणि लिहून घ्या.

माणसं मिळत नसतील तर मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे मोफत साधन बसवा. लोकांनी साइट कशी वापरली याची रेकॉर्डिंग त्यात बघता येतात. वैतागून एकाच जागी धडाधड केलेले क्लिक आणि काहीच न घडलेले क्लिक वेगळे काढून मिळतात. असं काही बसवलंत तर गोपनीयतेच्या पानावर तसं लिहा, आवश्यक तिथे संमती घ्या, आणि लोकांनी भरलेली माहिती रेकॉर्डिंगमध्ये झाकली जाते याची खात्री करा.

पायरी ८: बदल करा आणि लिहून ठेवा

इथवर आलात की ए/बी टेस्टिंग हा शब्द कानावर येईल: निम्म्या लोकांना जुनं पान, निम्म्यांना नवं, आणि कोणतं जिंकतं ते बघायचं. गूगलने लिंकच्या निळ्या रंगाच्या ४१ छटा अशाच तपासल्या होत्या. पद्धत उत्तम आहे, फक्त तिला माणसं लागतात. हिशेब करून बघा. तुमचा कन्व्हर्जन रेट २ टक्के आहे आणि तो २.५ झाला का हे भरवशाने ओळखायचंय, तर प्रत्येक बाजूला सुमारे १२,५०० भेटी लागतात. दोन्ही मिळून २५,०००. महिन्याला ५०० लोक येणाऱ्या साइटला हे उत्तर मिळायला चार वर्षांहून जास्त लागतील. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रोज आकडा बघून 'नवं पुढे आहे' असं वाटल्याक्षणी चाचणी थांबवणं ही त्याहून वाईट सवय; नशिबालाच निकाल समजण्याचा तो सरळ मार्ग आहे.

लहान साइटने बटणाचे रंग तपासत बसू नये. मोठे बदल करावेत, एका वेळी एक, आणि चार-चार आठवडे आधी-नंतर ताडून बघावेत. सुट्ट्या, हंगाम, जाहिरात यांमुळे आकडे हलतात, हे ध्यानात ठेवून. खोटी उलटी घड्याळं, 'आत्ता २३ जण हेच बघताहेत' असल्या पाट्या, 'नको' हे बटण लपवणं याला डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. त्याने आकडा वाढतोही. मग परताव्याच्या विनंत्या आणि तक्रारीही वाढतात, त्या मात्र कन्व्हर्जनच्या आकड्यात दिसत नाहीत.

नोंदीसाठी साधी वही चालते. सोफेवाल्याच्या वहीतलं पान असं असेल:

'३ तारीख. फॉर्म अकरा रकान्यांवरून चारवर आणला. आधीचे चार आठवडे: उघडला ४०, पाठवला १०. अंदाज: पाठवणारे वाढतील, फोटो मात्र कोणी जोडणार नाही.'

'पुढची ३ तारीख. उघडला ४३, पाठवला १९. खूण म्हणून पुरे, पुरावा म्हणून नाही. फोटो ११ जणांनी जोडला, अंदाज चुकला. चार जण आपण जात नाही त्या परिसरातले. परिसर लिहायला न लावता यादीतून निवडायला देऊन बघणं.'